वरातीमागून केस

मराठीत वरातीमागून घोडे येतात. गुजरातीत वरातीलाच 'वरघोडो' म्हणतात. तिथे घोडा शब्दातच बांधून ठेवलाय, मागे राहायची त्याला सोय नाही. आम्ही सुरतेतले मराठी या दोन भाषांच्या मध्ये राहतो. आमच्याकडे घोडी वेळेवर येते, वरातीत चालते, वेळेवर परतही जाते, कारण तिला त्याच रात्री आणखी एक लग्न असतं. मागून येतात ते तिचे केस, आणि ते महिनाभर येत राहतात.

ही हकिगत माझ्या भाच्याच्या लग्नाची आहे, असं ताईला वाटतं. माझ्या बायकोच्या मते ती एका ब्लँकेटची आहे. मी दोघींशीही सहमत आहे. मामाला तिसरं मत नसतं.

आम्ही राहतो ते गोडादरा म्हणजे एके काळचं गाव, आता महानगरपालिकेच्या पोटात गेलेलं. लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया हे शेजारी. कुठल्याही गल्लीत उभं राहून "काय भो" अशी हाक मारली तर चार माणसं वळून बघतात, आणि त्यातली तीन शहादा-अमळनेरकडची निघतात. भुसावळकडून तापीच्या खोऱ्यातून येणारी गाडी उधन्याला थांबली की डबेच्या डबे रिकामे होतात. कुणी डाइंग मिलमध्ये लागलं, कुणी लूम्सच्या खात्यात, कुणी एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर, आणि माझ्यासारखा एखादा रिंग रोडवरच्या मार्केटात मेहताजी म्हणून शेठच्या वह्या लिहायला. आमची नदीही तीच. तापी तिकडून निघते, इकडे समुद्राला मिळते. आम्हीही उताराच्याच दिशेने आलो.

तसं मराठी माणसाचं सुरतेशी नातं जुनं. १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात आमचे लोक इथे घोड्यावर बसून आले होते. हा विषय शेठसमोर काढायचा नसतो. बोनस ठरायच्या आठवड्यात तर मुळीच नाही. आता आम्ही पॅसेंजरने येतो आणि घोडी भाड्याने घेतो. इतिहास पुढे सरकतो म्हणतात तो असा.

घोडीवाले आप्पाही आमच्याच बाजूचे. त्यांची घोडी नुकरा जातीची: अंग पांढरंशुभ्र, नाकपुड्या गुलाबी. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते तिथे माणसांना दत्त दिसतो आणि आप्पांना घोड्यांचे दात. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे नुकरे, सगळे ओळीने उभे असतात, आणि किमती ऐकून आपल्यासारख्याने फक्त "वा, वा" म्हणत पुढे सरकायचं असतं. लग्नात मात्र पांढऱ्याच घोडीला मान. व्हिडिओत उठून दिसते. शिवाय पंचकल्याणी वगैरेची पारख करणारे म्हातारे आता वरातीत नसतात, ते खुर्ची धरून जेवणाच्या हॉलमध्ये बसलेले असतात.

"मामा, नवरदेवाच्या केसालाही धक्का लागू देणार नाही," असं आप्पांनी बयाणा घेताना सांगितलं होतं. घोडीच्या केसांबद्दल मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे आता कळतं.

लग्न फेब्रुवारीच्या शेवटी होतं. वरात संध्याकाळी सहाची. घोडी आली ती डिंडोलीतली एक वरात उरकून, घामाने निथळत. खोगिराखाली जो नमदा घालतात, तोही ओला गच्च झालेला. आप्पांनी तो उचलला, पिळला, हुंगला आणि म्हणाले, "मामा, ओला नमदा पाठीवर घातला तर घोडीला चट्टे पडतील. काही जुनीपानी गोधडी आहे का घरात?"

गोडादऱ्यात गोधडी मिळू नये, असं कधी होईल का? मी दाजींच्या पुतण्याला पिटाळलं. "मामींना सांग, जुनी गोधडी दे." मुलगा आठवीतला, कानात गाणी. तो घरी पोहोचेपर्यंत निरोपातलं 'जुनी' गळालं, आणि बायको पार्लरमध्ये असल्यामुळे 'गोधडी'चा अर्थ सांगायला कुणी नव्हतं. त्याने कपाट उघडलं आणि हाताला लागलं ते आणलं.

ते ब्लँकेट मरून रंगाचं होतं, डबलबेडचं, फ्लीसचं. दिवाळीला शेठने दिलेलं. चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत होतं आणि पाहुण्यांनाही त्या पिशवीवरूनच हात फिरवू देण्यात येई. लेबलवर स्वच्छ लिहिलं होतं: पानिपत. देशभरची ब्लँकेटं तिथेच बनतात, त्यात विशेष काही नाही. पण ते अक्षर वाचूनच मराठी माणसाने सावध व्हायचं असतं. मी वाचलं नाही. बँड सुरू झाला होता, ताई ओवाळणीचं ताट शोधत होती, दाजी आणि बँडमास्तर यांच्यात किती गाणी ठरली होती यावर मतभेद झाले होते. आप्पांनी ब्लँकेटची घडी घातली, घोडीच्या पाठीवर टाकली, वर खोगीर, तंग आवळला, वर जरीची झूल, झुलीवर भाचा. खोगीरभरती हा शब्द मी आजवर दिवाळी अंकांबद्दल वापरत आलो. त्या दिवशी ती प्रत्यक्ष पाहिली, आणि तीही आमच्याच मालाची.

वरात निघाली महाराणा प्रताप चौकाकडे. चौकाच्या नावातच चेतक येतो, त्यामुळे भाच्याचा ऊर भरून आला आणि त्याने कमरेची भाड्याची तलवार उपसली. ती म्यानासकट आली. अंतर अर्ध्या किलोमीटरचं, वेळ लागला पावणेतीन तास. खानदेशी डीजे लागला की पावलं पुढे जात नाहीत, जागच्या जागी जमिनीत जातात. तेवढा वेळ घोडी उभी होती, आणि उभ्या उभ्या तिने आपला सगळा हिवाळा आमच्या ब्लँकेटात उतरवला.

हे 'हिवाळा उतरवणं' आप्पांचं. मला वाटत होतं, उकाडा झाला म्हणून घोडी केस टाकते. तसं नाही. घोडीला थंडी-उन्हाळा अंगाला कळायच्या आधी डोळ्यांना कळतो. दिवस लांबायला लागला की शरीरात सूचना जाते आणि हिवाळ्यातली दाट लव सुटायला लागते. संक्रांत सरली की सुरू. आमच्याकडच्या लग्नतिथी नेमक्या याच दिवसांत. परदेशात घोड्यांची पैदास करणारे लोक हिवाळ्यात तबेल्यात रात्री उशिरापर्यंत दिवे लावून ठेवतात, म्हणजे घोड्यांना वाटतं उन्हाळा आला, आणि त्यांचा हंगाम लवकर सुरू होतो. आता वरातीतली घोडी बघा. रोज रात्री बारापर्यंत जनरेटरच्या झुंबरांत उभी. आठवडाभरात तिच्या दृष्टीने मे महिना उजाडलेला असणार. हा माझा तर्क आहे, पण ब्लँकेट पाहिल्यावर कुणीही मान्य करील.

पहिला केस सापडला तो ब्लँकेटवर नव्हे. मांडवात मुलीकडच्या आत्याबाईंनी नवरदेवाच्या शेरवानीच्या खांद्यावरून दोन बोटांनी एक लांब केस उचलला आणि उजेडात धरला. काळा असता तर एक प्रकारची चौकशी झाली असती. पांढरा निघाल्यामुळे दुसऱ्या प्रकारची झाली. "मुलाचं वय नक्की किती सांगितलं होतं?" असं त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी घोडीचं सांगितलं. "असं होय," त्या म्हणाल्या, पण पुढचा सगळा वेळ त्या भाच्याच्या कानशिलाकडे बघत होत्या.

ब्लँकेट दुसऱ्या दिवशी परत आलं. बायकोने ते जमिनीवर पसरलं. मरून रंगावर घोडीच्या पाठीचा संपूर्ण पांढरा नकाशा उमटला होता, कणा, फासळ्या, तंग बांधलेली जागा, सगळं. ती काही बोलली नाही. बावीस वर्षांच्या संसारात ती बोलली नाही असा हा तिसरा प्रसंग. नंतर एवढंच म्हणाली, "अहो, मामा तुम्ही भाच्याचे. मला कशाला मामा बनवलंत?"

मी म्हटलं, केस आहेत, झटकले की जातील.

गच्चीवर नेऊन झटकलं. एक टोक मी, दुसरं दाजींच्या पुतण्याने धरलं. गुन्हेगाराला शिक्षेत सहभागी करून घ्यावं. पाच-दहा झटक्यांत काही केस उडाले. ते वाऱ्यावर तरंगत पलीकडे गेले, तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बिबड्या वाळत घातल्या होत्या. ज्वारीच्या पिठाची ओली बिबडी आणि उडता केस यांची गाठ पडली की ती जन्माची. काकूंनी एक बिबडी उचलून बघितली. मी म्हटलं, "घोडीचेच आहेत, माणसाचे नाहीत." या वाक्याने आपण दिलासा देतोय अशी माझी समजूत होती.

ब्लँकेटवरचा नकाशा मात्र जसाच्या तसा. एक जिल्हाही कमी झाला नव्हता.

मग मी ते मशीनमध्ये टाकलं. बायको मंदिरात गेली होती. ही चूक घोड्याचे केस काढणाऱ्या प्रत्येकाकडून एकदा होते आणि त्यातला शहाणा ती दुसऱ्यांदा करत नाही. आत फिरताना केस पाण्यात सुटतात, हे खरं. पण सुटून जातात कुठे? थोडे जाळीत, थोडे पाणी जायच्या नळीत, थोडे रबरी कडेच्या घडीत, आणि उरलेले पुन्हा ब्लँकेटात, या खेपेला चांगले पीळ घालून. पुढचे पंधरा दिवस त्या मशीनमधून निघालेला प्रत्येक कपडा थोडा थोडा घोडा होता. माझ्या निळ्या शर्टवर, मुलीच्या काळ्या लेगिंग्जवर, टॉवेलवर तर विशेष. शेठने माझ्या कॉलरवरचा केस पाहून विचारलं, "मेहताजी, घरे कूतरो राख्यो?" मी म्हटलं, नाही, वरघोडो.

इथे थोडं थांबून घोडं नेमकं कुठे पेंड खातं ते बघायला हवं, कारण मी दोन रात्री त्यावर विचार केला आहे आणि ते वाया जाऊ देणार नाही.

फ्लीस हे मेंढीशिवाय लोकर मिळवायचं कारस्थान आहे. अमेरिकेत लॉरेन्स गावच्या माल्डन मिल्सने १९७९ मध्ये ते काढलं. पॉलिएस्टरचं विणलेलं कापड घ्यायचं, तारांच्या ब्रशांनी त्याचे फासे ओरबाडून उभे करायचे, मग कातरून सारखे करायचे. वरून मऊ गालिचा, आत बारीक तंतूंचं घनदाट गवत. या गवतात हवा अडकते म्हणून ऊब येते. हवेला अडकायला जागा आहे, तर केसाला का नसावी?

आणि केस साधा नसतो. भिंगाखाली त्यावर कौलांसारखे खवले दिसतात, सगळ्यांची तोंडं टोकाकडे. त्यामुळे चोळलं की केस एकाच बाजूला, मुळाच्या दिशेने, सरकत राहतो. लहानपणी आपण गव्हाची ओंबी शर्टाच्या बाहीत घालायचो आणि हात हलवला की ती आपोआप वर चढत काखेत पोहोचायची, तसं. ओंबी खाली कधी येत नसे. ब्लँकेट चोळणारा माणूस केस काढत नसतो, त्याला आत जायला मदत करत असतो.

तिसरी गोष्ट विजेची. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या लूम मास्तरांनी सांगितली, पण मला ती मेहताजी असल्यामुळे जास्त चांगली समजली. केस आणि पॉलिएस्टर एकमेकांवर घासले की केस आपल्याजवळचे इलेक्ट्रॉन देऊन बसतो आणि पॉलिएस्टर ते घेऊन बसतं. म्हणजे ही उधारी झाली. आता देणारा घेणाऱ्याला चिकटणार, हे सुरतेच्या कापड बाजारात कुणाला शिकवायची गरज नाही. साठ दिवसांचा धारा, म्हणजे उधारीची मुदत, ठरलेला असतो आणि नव्वदाव्या दिवशीही देणारा घेणाऱ्याच्या गादीवर बसलेला असतो. सुती कापडात हा प्रकार होत नाही, कारण त्यात ओल असते आणि ओलीतून हिशोब लगेच मिटतो. बेताच्या दमट हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी धरून असतो, लोकर १६ टक्क्यांपर्यंत. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. एवढं कोरडं गिऱ्हाईक असल्यावर वसुली व्हायची कशी? त्यात फेब्रुवारीचं कोरडं वारं.

"धाग्याला गिरणीत तेल पाजलेलं असतं, म्हणून तो लूमवर गुमान चालतो," मास्तर म्हणाले. "डाइंगला जाताना ते तेल धुतलं जातं. तुम्ही परत साबणाने धुतलंत, म्हणजे होता नव्हता तो गुळगुळीतपणाही घालवलात. आता पिसाळणारच."

जुन्या काळी हे सगळं का नव्हतं, तेही मग लक्षात आलं. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या घोडदळाची व्यवस्था आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पाणी पाजायला माणूस, नाल ठोकायला माणूस. केस काढायला माणूस नाही. कारण खोगिराखाली नमदा असायचा, लोकर दाबून दाबून केलेला. त्यात घोड्याचा केस गेला तर तो नमद्याचाच होऊन जायचा. दरवर्षी नमदा थोडा जाड होत असेल, एवढंच. तो केस वेगळा काढावा, ही कल्पना कुणाच्या स्वप्नातही आली नसेल. वस्तू घोड्याची आणि केसही घोड्याचा. भांडण सुरू झालं ते वस्तू बायकोची झाल्यावर.

ज्ञानाने ब्लँकेट स्वच्छ होत नाही. मी मार्केटातून तपकिरी पॅकिंग टेप आणली. पार्सलं बांधायची असल्यामुळे दुकानात तिचे खोके पडलेले असतात. रात्री जेवणं झाली की मी टेपचा तुकडा तोडायचो, दाबायचो, खेचायचो. त्या टेपचा आवाज शांत रात्री कसा येतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना शेजाऱ्यांची बाजू कळेल. दोन रात्रींत एक पूर्ण रीळ संपलं आणि एक फूट लांबी-रुंदीचा तुकडा साफ झाला. इतका साफ, की तिथे केसही नव्हते आणि फ्लीसही नव्हतं. ब्लँकेटला चाई पडली होती. बायको म्हणाली, "आता उरलेलंही तसंच करा, म्हणजे निदान चादर तरी होईल."

तिने मग प्रकरण हातात घेतलं आणि ब्लँकेट तळमजल्यावर नेलं. तिथे दुपारी सात-आठ वहिनी धागा कटिंगला बसतात. एम्ब्रॉयडरीच्या साड्या गठ्ठ्याने येतात, मागे लोंबणारे दोरे कातरून द्यायचे, नगावर पैसे. हात चालू, तोंड चालू, टीव्ही चालू, आणि तिन्हींत चूक नाही. त्यांच्या नजरेतून सुटलेला धागा मी दुकानात कधी पाहिला नाही. त्यांनी ब्लँकेट मांडीवर घेतलं, उजेडात तिरकं धरलं आणि शांतपणे परत दिलं. सगळ्यात जुन्या वहिनी म्हणाल्या, "धाग्याला एक टोक कापडात असतं अन् एक बाहेर. ह्याची दोन्ही टोकं आत. कशाला कातरणार?" दुसरीने नगाचा भाव सांगितला. तो केसामागे होता.

पण निघताना एकीने पायातली रबरी चप्पल काढली, तळव्याकडून ब्लँकेटवर एकदा ओढली आणि आम्हाला दाखवली. चपलेपुढे केसांची एक बारीक वळी जमली होती, शेवयांच्या वळीसारखी. आम्ही सगळे ती वळी बघत राहिलो. इतके दिवस जे टेपने, मशीनने आणि दोन रात्रींच्या विचाराने झालं नाही, ते स्लिपरने केलं. रबर केसाला धरतं आणि आत न ढकलता वर लोळवतं. एका केसाला दुसरा गुंडाळतो, दुसऱ्याला तिसरा. चोळायचं नाही, एकाच दिशेने ओढायचं. हात किंवा रबर किंचित ओलं असलं तर उत्तम, कारण तेवढ्या ओलीने उधारी फिटते. आणि हे सगळं धुवायच्या आधी, ब्लँकेट पूर्ण कोरडं असताना. धुण्याचा नंबर शेवटी.

मात्र पांघरायच्या वस्तूवर चप्पल फिरवणं बायकोला पटेना. "उद्या हेच कुणाच्या तोंडावर घ्यायचंय." मी भांडी घासायचे रबरी हातमोजे सुचवले. ते चालले, पण त्यांना साबणाचा वास होता आणि माझ्या हातात ते अर्धेच जात. तरी दोन संध्याकाळी मी खाली बसून ओढत होतो. पेपर वाचावा तसा, वरून खाली.

त्यातल्या दुसऱ्या संध्याकाळी आप्पा आले, राहिलेले पैसे घ्यायला. दारात उभे राहून त्यांनी माझ्याकडे बघितलं. पायात हवाई चप्पल, हातात गुलाबी मोजे, मांडीवर मरून ब्लँकेट.

"हाई काय करी ऱ्हायनात मामा?"

मी सांगितलं. आप्पा हसले नाहीत, ही त्यांची थोरवी. ते खाली गेले, गाडीच्या डिकीतून एक काळी रबरी वस्तू घेऊन वर आले. हाताच्या पंजाएवढी, आत पट्टा, खाली बोथट दात. खरारा. पूर्वी लोखंडी असायचा, आता रबरीही मिळतो. आप्पांनी तो हातात चढवला, ब्लँकेटच्या एका कोपऱ्यावर गोल गोल दोन वेढे दिले, मग एक लांब ओढ. केस अंगावरून पावसाचं पाणी निथळावं तसे वर आले. त्यांनी ते गोळा करून खिशात घातले. का, ते मी विचारलं नाही.

"हा घोडीला वरातीच्या आधी करायचा असतो," आप्पा म्हणाले. "दहा मिनिटं. त्या दिवशी डिंडोलीहून यायला उशीर झाला, म्हणून राहिला."

म्हणजे घोडीची दहा मिनिटं वाचली होती, आणि माझे अकरा दिवस गेले होते. मी मेहताजी आहे. हा हिशोब मला जुळवता आला नाही.

बायकोने चहा ठेवला. आप्पांनी खरारा तिच्या हाती दिला आणि कसा धरायचा ते दाखवलं. घोडीला करतात तसंच. आधी मान, मग पाठ. ब्लँकेटला मान नसल्यामुळे तिने लेबलाकडून सुरुवात केली. पाऊण तासात गंगेत घोडं न्हालं. पानिपतावर मराठ्यांचा पहिला विजय मी आमच्या हॉलमध्ये, चहाचा कप हातात धरून, पाहिला. मग तिने ते शेवटच्या पाण्यात थोडा कंडिशनर घालून धुतलं, सावलीत वाळवलं आणि चाईचा भाग पायाकडे येईल अशी घडी घालून पिशवीत ठेवलं.

दोन आठवड्यांनी आप्पांचा फोन आला. माझ्याशी दोन शब्द बोलून ते म्हणाले, वहिनींना द्या.

अडचण घोडीची होती. त्या दिवसापासून ती नमदा पाठीवर ठेवू देत नव्हती. ठेवला की कातडी थरथरवून पाडायची. नवा आणला, तोही पाडला. "तिला ते तुमचं मऊ आवडलं, वहिनी. सीझनपुरतं द्याल का?"

मला वाटलं, आता फोन आपटला जाणार. बायकोने फोन कानाला लावून कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. बावीस वर्षं मी सुरतेच्या बाजारात वह्या लिहितोय, पण बाजार माझ्यापेक्षा तिच्या अंगी जास्त उतरलाय, हे मला तेव्हा कळलं. वरातीमागे एकशे एक रुपये. रोख, धारा नाही. ब्लँकेट घालायच्या आधी घोडीला खरारा झालेला पाहिजे, आणि परत येईल तेव्हा ब्लँकेटला.

"त्याला माणूस कुठून आणू?" आप्पा विचारत होते. फोनमधून मलाही ऐकू आलं.

"माणूस आहे आमच्याकडे," ती म्हणाली.

आज पर्वत पाटियाला वरात आहे. ब्लँकेट दुपारीच गेलं. खरारा मी धुऊन खिडकीत वाळत टांगलाय. घोडी साडेअकरापर्यंत मोकळी होते, म्हणजे बारा-सव्वाबारापर्यंत माझं काम येईल.